बारा बुधवारांचा डबा

४ सप्टेंबर, बुधवार

डबा घरी आला. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणाला चीर पाडलेला. झाकणावर एक गुबगुबीत मूल बिस्किट खात हसतंय. सोळा वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीची सगळी दुखणी त्याच्या नाकाखालून आत जातायत, पण पठ्ठ्याचं हसू काही कमी झालेलं नाही.

डबा आत्यांचा. आत्या माझ्या कोणी लागत नाहीत, त्या अख्ख्या मंडळीच्या आत्या. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात उताण्या पडून मला म्हणाल्या, "अगं, बारा आठवडे लागतील म्हणतात. तेवढे बुधवार तू सांभाळ."

"मीच का?"

"तुझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो."

"आत्या, मी दोन वर्षांत प्रार्थना केलेली नाही."

"मी कुठे प्रार्थना कर म्हटलं? चिठ्ठ्या वाच म्हटलं."

उताण्या पडलेल्या बाईशी भांडता येत नाही. शब्द दिला. मात्र पाळकांना तोंडावर सांगून टाकलं, की बारा बुधवार पुरे करीन, मग डबा तुमच्या टेबलावर आणि माझं नाव मंडळीच्या यादीतून बाहेर. रविवारी बाकावर बसून खोटं तोंड हलवायचा मला कंटाळा आला आहे. खोटी तोंडं मी दिवसभर बनवतेच; डेंटल लॅबमध्ये कवळ्या करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. पाळक चष्मा पुसत राहिले. मागे गायकवर्ग चालवणारी गायनबाई गीतांच्या वह्या लावत होती, तीन वह्यांना दहा मिनिटं.

डब्याचे नियम लिहून ठेवते. चिठ्ठीत नाव घालायचं नाही. नातं लिहा, धंदा लिहा, दुखणं लिहा. नावं देवाला ठाऊक असतात, आणि मंडळीला कळली की शुक्रवारपर्यंत बाजारात पोचतात. बुधवारी संध्याकाळी सहाला, चर्चमागच्या खोलीत, डबा सांभाळणारीने प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि तिच्यासाठी एखादं वाक्य बोलायचं. चिठ्ठी डब्यातच राहते, आठवडे, महिने, वर्षं. ज्याने टाकली त्यानेच ती काढायची. त्यासाठी शेवटची पाच मिनिटं सांभाळणारीने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कोण आलं, काय काढलं, बघायचं नाही, विचारायचं नाही. या वहीतही तोच नियम: कुणाचं नाव नाही.

आज माणसं पाच, चिठ्ठ्या एकोणीस. मी अठरा वाचल्या. एकोणिसावी तळाशी होती, माझ्याच अक्षरात. "लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्यासाठी. मूत्रपिंडं." तो जाऊन बावीस महिने झाले. ती काढायची राहिली. आज हातात घेतली आणि पुन्हा तळाशी सारली.

५ सप्टेंबर

कालच्यातली एक चिठ्ठी डोक्यातून जात नाही. नवी होती. "एका बहिणीसाठी. हिची जीभ चालते, पण मन थांबलंय." अक्षर मुद्दाम डाव्या हाताने काढल्यासारखं वाकडं. कागद मात्र स्वरलिपीच्या वहीतला, पाच-पाच रेघांचा. असल्या वह्या फक्त गायकवर्गाकडे असतात. म्हणजे गायकवर्गातल्या कुणीतरी आपल्याच बाईबद्दल तक्रार केलेली आहे. जीभ चालते आणि मन थांबलंय. गायनबाईचं इतकं नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं, आणि मी बरीच वर्षं प्रयत्नात आहे.

आमचं वाकडं जुनं, पण गाठ बसली ती नवऱ्याच्या दफनविधीला. साधी रीत अशी की कबरीपाशी गीताची दोन कडवी म्हणायची आणि लोकांना सावलीत जाऊ द्यायचं. या बाईने सहाच्या सहा कडवी म्हटली, ओळी परतून परतून. उन्हात दोन म्हातारे खाली बसले. ज्याच्यासाठी चाललं होतं त्याला उठता येत असतं तर तोही निघून गेला असता. मी डोळ्यातून टिपूस न काढता तिच्याकडे बघत उभी होते.

त्यात भर, ती राहते माझ्या समोरच्या इमारतीत. तिच्या खिडकीचा पडदा कधीही पूर्ण लागलेला नसतो. चौकशीपुरती चार बोटं जागा ठेवलेली असते, थेट माझ्या स्वयंपाकघरासमोर.

११ सप्टेंबर, बुधवार

माणसं चार. "एका बहिणीसाठी" वाचली आणि म्हटलं, "प्रभू, या बहिणीचं थांबलेलं मन हलव. जरा जोर लावावा लागेल." गायनबाई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसली होती. तिचा "आमेन" सगळ्यात मोठा. बिचारीला पत्ताच नाही.

खरं सांगायचं तर दोन वर्षांत इतक्या मनापासून काही मागितलं नव्हतं. हेतू शुद्ध नव्हता. असो, सुरुवात तर झाली.

१८ सप्टेंबर, बुधवार

त्याच रेघांच्या कागदावर दुसरी. "त्याच बहिणीसाठी. ती रोज उभ्यानेच जेवते. तिला बसून दोन घास खाता येऊ देत."

हे वाचून जरा चरकले. गायनबाई एकटीच राहते हे माहीत होतं, पण इतकी एकटी असेल असं वाटलं नव्हतं. मीही ओट्यापाशी उभ्यानेच जेवते, पण माझं वेगळं आहे. मला घाई असते.

२२ सप्टेंबर, रविवार

आत्यांना भेटून आले. खाली उशा, वर उशा, मधे आत्या. गायनबाईच्या चिठ्ठ्यांचं सांगितलं. नियमात बसत नाही, पण आत्या म्हणजे डब्याच्या माजी मालकीण. ऐकून त्या इतक्या हसल्या की खुबा धरून नर्सला हाक मारावी लागली.

"तुला खात्री आहे ती तिच्याबद्दलच आहे?"

"पाच रेघांचा कागद आहे, आत्या."

"मग काय, पुरावाच झाला. चालू ठेव. चांगल्या माणसासाठी चाललंय."

निघताना दारापाशी गेले तेव्हा म्हणाल्या, "तुझी ती जुनी चिठ्ठी आहे का गं अजून?"

"आहे."

"काढली नाहीस."

"कशासाठी काढू? मागितलेलं मिळालं नाही."

"मिळालं म्हणूनच काढायची असं कुणी सांगितलं तुला? मी किती जणांना नुसते डोळे पुसत चिठ्ठी काढून नेताना ऐकलंय. त्याने ऐकून घेतलंय एवढं पटलं, की काढायची."

"आणि नाही पटलं तर?"

"मग राहू दे आत. डब्याला घाई नाही."

पिशवी उचलून निघाले. 

२ ऑक्टोबर, बुधवार

दवाखाना खाली, लॅब वर. तरी एक निवृत्त हेडमास्तर जिना चढून थेट माझ्या टेबलाशी आले आणि रुमालातून कवळी काढून समोर ठेवली. "बाई, ही माझी नाही."

"तुमचीच आहे सर. तुमच्याच जबड्याचा साचा आहे."

"टोचते. बोलताना खडखडते. जेवण तर दगड चघळल्यासारखं."

"किती दिवस घातलीत?"

"दोन. मग काढून ठेवली."

"तिथेच चुकलं. पेल्यात ठेवून ती तोंडाला बसत नाही. टोचते तिथे खाली डॉक्टरांकडून घासून घ्या, पण घालून राहा. सुरुवातीला सगळ्यांना परकी वाटते. दीडेक महिन्याने आहे हे विसरायला होतं."

मास्तर कवळी घालून कुरकुरत खाली गेले. पॉलिशवाला मशीन थांबवून म्हणाला, "ताई, तुम्ही लोकांना कसं छान समजावता. घरी आरशासमोर पण समजावत जा."

"तू दात चमकव, अक्कल नको."

संध्याकाळी माणसं तीन. वाचता वाचता लक्षात आलं, हा पाचवा बुधवार. दीड महिना व्हायला अजून दोन आठवडे आहेत. हे का मोजलं कोण जाणे.

९ ऑक्टोबर, बुधवार

कुणीही आलं नाही.

गायनबाईला ताप, पाळक एका आजाऱ्याकडे, बाकीच्यांना कारणंही सांगावीशी वाटली नाहीत. मी खुर्च्या लावल्या, आठ. सव्वासहापर्यंत वाट पाहिली. डबा काखेत मारून घरी जावं असं फार वाटलं. कुणाला कळणार होतं? झाकणावरच्या मुलाशिवाय साक्षीदार नव्हता.

पण शब्द बारा बुधवारांचा होता, गर्दीच्या बुधवारांचा नव्हता. उभी राहिले आणि आठ रिकाम्या खुर्च्यांना एकवीस चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल अशा आवाजात. ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी, दारू सोडलेल्या भावाच्या तिसऱ्या महिन्यासाठी. ऐकणारं कुणी नसताना दिखाऊ वाक्यं सुचत नाहीत. गायनबाईच्या चिठ्ठीपाशी आले तेव्हा नुसतं म्हटलं, "हिला एकटीला सोडू नकोस." माझा आवाज थोडा बिघडला. खोलीत गारठा होता.

मग पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काढायला कुणी येणार नव्हतं, तरी. नियम म्हणजे नियम. बाविसावी आजही वाचली नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

गायनबाईचा ताप उतरला. मी जिना चढून गेले आणि दारातच म्हटलं, "आज माझ्याकडे जेवायला या."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी? तुमच्याकडे?"

"आजारातून उठलायत. आणि बसून जेवायचं, सांगून ठेवते."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र झालं, शिंक येता येता थांबल्यासारखं. "येते," म्हणाली.

आली. तिचा उजवा गुडघा पावलागणिक टक् टक् वाजतो. मी सूप वाढलं आणि सवयीने ओट्याला टेकले.

"तुम्हीही बसा की."

"तुम्ही घ्या सुरू."

"तुम्ही बसल्याशिवाय मी घास उचलणार नाही. या गुडघ्याने मी जन्मात उभ्याने जेवलेली नाही, आणि दुसऱ्याला जेवू देत नाही."

अभिमान असतो एकेकाला, लोकांसमोर कबूल करवत नाही. तिला बसवायचं म्हणून मी बसले. टेबलाशी नवऱ्याची खुर्ची रिकामीच होती, ती माझ्या वाट्याला आली.

जेवता जेवता माझी जीभ सुटलीच. "एक विचारू? कबरीपाशी सहा कडवी कशाला म्हटलीत हो? लोक उन्हात करपले."

तिने चमचा खाली ठेवला. "त्यांनीच सांगितलं होतं. मी हॉस्पिटलात गेले होते, शेवटच्या आठवड्यात. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. म्हणाले, माझ्या बायकोला रडायला वेळ लागतो. दोन कडव्यांत तिचं होणार नाही. सहाही म्हणा."

मी तिच्या वाटीत आणखी सूप वाढलं.

"मी म्हटली. तुमच्याकडे बघून ओळी परतून घेतल्या. पण तुमचं काही झालं नाही. मला वाटलं, माझाच सूर कमी पडला."

जेवण झाल्यावर तिला घरी धाडलं आणि भांडी घासली. दोन ताटल्या, दोन वाट्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आत्यांच्या छातीत कफ भरला आहे. डॉक्टर लांबलचक बोलतात, म्हणजे बरं नाही.

आज मी स्वतः चिठ्ठी टाकली. "एका आत्यासाठी. खुबा आणि छाती. तिला परत आण." दोन वर्षांनी मागणं मागितलं. चिठ्ठी तीनदा लिहावी लागली, त्याचा मला राग आला. मेणात दात बसवताना माझा हात केसभरही हलत नाही.

२४ ऑक्टोबर

आत्या काल दुपारी गेल्या. संध्याकाळी बुधवार होता.

वाचलं. सगळं वाचलं, माझी ती चिठ्ठीही, कारण ती डब्यात होती आणि नियम तसा आहे. "तिला परत आण" हे शब्द मेलेल्या माणसाबद्दल मोठ्याने वाचून पाहावेत कुणीतरी. गायनबाई आणि पाळक दोघेच होते. पाळक रडले. मी भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटांऐवजी दहा उभी राहिले.

३० ऑक्टोबर, बुधवार

आज मी नुसती वाचत गेले, दुकानातली यादी वाचावी तशी. प्रत्येक चिठ्ठीपुढे एक वाक्य बोलायचं असतं, तिथे "हेही बघ" एवढंच म्हटलं. चोवीस वेळा "हेही बघ". मागितलं की उलटंच होतं असा माझा अनुभव त्याला कळावा म्हणून.

आता डबा कायमचा कोण सांभाळणार हे कुणी विचारत नाही. पाळक म्हणाले, तीन माणसांसाठी खोली उघडायची का याचा विचार मंडळीचे पंच करतायत. करा म्हटलं. माझे अजून तीन बुधवार आहेत, ते मी बंद खोलीच्या पायरीवर बसूनही वाचीन. त्यानंतर माझा आणि या देवाच्या घराचा संबंध संपला.

६ नोव्हेंबर, बुधवार

रेघांचा कागद, तिसरा. "त्याच बहिणीसाठी. ती सोडून जायच्या बेतात आहे. तिने जाऊ नये. आम्हाला ती हवी आहे."

म्हणजे गायनबाई गायकवर्ग सोडते आहे. आजारानंतर तिचा आवाज बसलाय हे मीही ऐकलं होतं. वरच्या सुराला जाते आणि अर्ध्या जिन्यात अडकते.

माझ्या जाण्याचं ठरलेलं आहे, ते वेगळं. पण तिने जाऊन कसं चालेल?

७ नोव्हेंबर

लॅबमधून अर्धा तास आधी निघाले आणि तिच्या दारावर थाप मारली. बसायच्या आधीच सुरुवात केली.

"हे बघा, कुणी सांगितलं विचारू नका. तुम्ही सोडून जाणार असल्याचं कळलंय."

"मी?"

"मला बोलू द्या. आवाज बसला म्हणून माणूस उठून जात नाही. सूर लागत नाही त्या दिवशी नुसतं उभं राहायचं, वही उघडी धरून. बाकीचे गातात ना, तेवढा वेळ त्यांच्या आवाजावर उभं राहायचं. रोज भरून येतं असं कुणाचंच नसतं. आणि देव काही उत्तर देत नाही म्हणून तुम्ही निघालात, तर त्याने उत्तर दिलं त्या दिवशी ऐकायला तिथे असणार कोण? टोचतं म्हणून काढून ठेवलं तर कधीच बसत नाही. घालून राहायचं."

"काय घालून?"

"ते सोडा. जाणार नाही असं सांगा."

 तिचे डोळे भरले होते. मी इतकं चांगलं बोलते हे मलाही नवीन होतं.

"बरं," ती म्हणाली. "मी नाही जाणार. आणि तुम्ही?"

"माझा काय प्रश्न आहे? मी कुठे जातेय?"

तोंडातून निघून गेलं. परत आत घ्यायला गेले तर समोर साक्षीदार बसलेली, मान हलवत. "ऐकलं हं मी," म्हणाली. "आता फिरवायचं नाही."

घरी येईपर्यंत स्वतःवर चडफडत होते. दुसऱ्याला थांबवायला गेले आणि आपलाच पाय अडकवून आले. सत्तावीस वर्षांत मी एकही दिलेली तारीख चुकवलेली नाही, कवळी तयार म्हटली की तयार. हिला आता काय सांगू?

१३ नोव्हेंबर, बुधवार

माणसं सहा. हेडमास्तर आले होते. कवळी घालून. पॉलिशवाल्याने त्यांना पत्ता दिला म्हणे. त्याला स्वतःला यायला काय होतं, तर म्हणाला, "ताई, मला बुधवारी चमकवायला असतं." मास्तरांनी एक चिठ्ठी टाकली आणि "आमेन" खणखणीत म्हटलं, अजिबात न खडखडता.

आज "हेही बघ" एकदाही म्हटलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

बारावा.

माणसं सात. चिठ्ठ्या सव्वीस. पंचवीस वाचल्या आणि मग तळातली काढली. "लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्यासाठी. मूत्रपिंडं." मोठ्याने वाचली, शेवटच्या खुर्चीपर्यंत. पुढे एक वाक्य बोलायचं असतं. म्हटलं, "हे मी मागितलं होतं, आणि तू ऐकत होतास." आणखी काही सुचलं नाही. गायनबाईने कुणी न सांगता ते कबरीपाशीचं गीत सुरू केलं, बसक्या आवाजात. सहाही कडवी. या वेळी चौथ्या कडव्याला माझं झालं. नवऱ्याचा अंदाज तसा बरोबर होता.

मग भिंतीकडे तोंड केलं. नाक पुसत उभी होते तेव्हा मागून टक्, टक्, टक्. गुडघा टेबलापाशी आला, झाकण किरकिरलं, कागद सरकले, गुडघा परत गेला. बघितलं नाही. कानांना मात्र पाठ फिरवता येत नाही.

सगळे गेल्यावर माझ्या दोन चिठ्ठ्या काढल्या, नवऱ्याची आणि आत्यांची. रेघांचे कागद पाहिले तर तिन्ही नाहीत. आणि एकदम उलगडा झाला. गायकवर्गातल्या कुणीच तक्रार केली नव्हती. टाकणाऱ्यानेच काढायची, म्हणजे त्या गायनबाईनेच टाकल्या होत्या, स्वतःबद्दल. इतके आठवडे बाई स्वतःसाठी दुसऱ्याकडून प्रार्थना मागत होती आणि मी तिला हसत होते. मान खाली गेली. पण आज तिने त्या काढून नेल्या. म्हणजे तिचं मन हललं, ती बसून जेवू लागली, ती थांबते आहे. माझ्या इतक्या आंबट तोंडाची प्रार्थनाही त्याने घेतली तर.

पाळक दारात उभे होते, चष्मा पुसत. डब्याकडे बघून म्हणाले, "मग? टेबलावर ठेवताय?"

"झाकणाची बिजागरी किरकिरते," म्हटलं. "घरी नेऊन तेल घालते. आणि पुढच्या बुधवारी दहा खुर्च्या लागतील, पंचांना सांगा."

घरी आले. जेवण गरम केलं, ताट टेबलावर घेतलं आणि बसले. नवऱ्याच्या खुर्चीत बसलं की समोरच्या इमारतीची खिडकी सरळ दिसते. घास घेता घेता पाहिलं तर गायनबाईच्या खिडकीत हात आला आणि पडदा ओढला गेला. पूर्ण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार बोटंही जागा उरली नाही.

बरी झाली बिचारी. आता तिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बघत बसायची गरज राहिली नसावी.